शोधून दाखवा

"शोधून दाखवा," मी कोट फळीवर आपटला. "सापडला तर रफू फुकट."

गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या कचेरीतला कारकून. सिगारेटची ठिणगी पडून बाहीला भोक पडलं होतं. त्याने बाही उलटी केली, सुलटी केली, चष्मा कपाळावर चढवला, मग दारात उजेडात जाऊन उभा राहिला.

"नाही बुवा. कळतच नाही कुठे होतं!"

"कळणार कसं? कळायला रफू दिसावा लागतो."

पडद्यामागे आमचे हे खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान हलले. खोटं नाही सांगत, खूश झाले की या माणसाचे कान हलतात. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मी शोधून काढलं. तोंडाने काही बोलत नाही म्हटल्यावर बायकोने कुठे बघायचं?

आमचं दुकान म्हणजे पुढे एक फळी, मध्ये पडदा आणि मागे खिडकी. फळीवर मी, खिडकीशी हे. बोलणं माझ्याकडे, सुई त्यांच्याकडे. कसरीने खाल्लेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या विजारी, आगीची धग लागलेले डगले, सगळं त्यांच्या मांडीवर यायचं आणि जसं काही झालंच नव्हतं असं होऊन जायचं. त्याच कापडातला दोरा काढायचा आणि त्याच कापडात मिसळून टाकायचा. नवीन पोरं मशीनवर चरचर ठिगळ मारतात, त्याला हे रफू म्हणत नाहीत. त्याला ते काहीच म्हणत नाहीत, नुसते दुसरीकडे बघतात.

आम्हाला एकच मुलगी. तीही उशिरा झालेली. घरात शाळेचं तोंड पुरतं कुणी पाहिलेलं नाही. मी दुसरी इयत्ता अर्धी केली, हे तेवढंही नाही. आणि ही पोरगी थेट बाई झाली. पहिलीच्या वर्गावर, एका वर्षाच्या बोलीवर. तेव्हापासून मी तिला "बाई"च म्हणते. उठा बाई, जेवा बाई, आंघोळीचं पाणी काढलंय बाई. ती चिडते. मला बरं वाटतं.

कारकून गेला आणि आमच्या बाई आल्या. हातात पुठ्ठ्याची फुगलेली फाइल, तिच्यातून कागद बाहेर डोकावत होते.

"आई, मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं. कायमची एक जागा निघाली आहे. परवा मुलाखत."

"मग? तोंड का एवढंसं?"

"पोर्टफोलिओ मागितलाय. वर्षभर काय केलं, ते सगळं एका फाइलमध्ये लावून दाखवायचं."

"वर्षभर काय केलं ते दिसत नाही त्यांना? त्यांच्याच शाळेत होतीस ना?"

"मुलाखत घेणारे बाहेरचे असतात, आई. आणि आम्ही सहाजणी आहोत."

जागा मिळाली तर पोरगी घरात राहणार होती. नाही मिळाली तर वर्ष संपताच इथली नोकरी संपत होती, आणि दुसरी शाळा होती ती रात्रभराच्या प्रवासावर. तिथे खोली घेऊन राहायचं, सुट्टीला यायचं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. 

तिने फाइल फळीवर उघडली. वर दाखल्यांच्या नकला. मग पाठाची टाचणं, म्हणजे आज काय शिकवायचं ते आधी लिहून काढायचं. ("आम्ही कधी आज काय रांधायचं ते लिहून काढलं नाही," मी म्हटलं. "ते जेवताना कळतं," ती म्हणाली. जीभ माझ्यावरच गेली आहे.) मग वर्गाचे फोटो, भिंतीवरचे तक्ते, आणि शेवटी मुलांच्या वह्यांतली पानं.

ती पानं बघून माझं डोकं फिरलं. अक्षरं उलटी, ओळ सोडून खाली घसरलेली, खोडून खोडून काळी झालेली. एका पानाला तर चक्क भोक.

"हे काय?"

"माझ्या वर्गात एक मुलगी आहे. आली तेव्हा पेन्सिल मुठीत धरायची, सुरा धरावा तशी. इतकी दाबायची की कागद फाटायचा."

"आणि हे तू मुलाखतीत दाखवणार? असलं फाटकं पान? लोक म्हणतील, या बाईंना शिकवता येत नाही."

ती हसली. "अगं, तेच तर दाखवायचंय."

मला वाटलं, थट्टा करते आहे. माझ्याशी बोलताना ती अर्धा वेळ थट्टाच करते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि विषय राहिला.

पडद्यामागची सुई मात्र थांबली होती. मला ऐकू येतं ते. कापडातून दोरा ओढला जाताना बारीक आवाज होतो, तो बंद झाला होता. हे पडदा सारून बाहेर आले, चष्म्यावरून त्या पानाकडे बघितलं आणि म्हणाले, "चिमणे, कागद चुरगळलेत सगळे. ठेव माझ्याकडे. इस्त्री फिरवून देतो."

"खरंच, बाबा? उद्या मला शाळेतून यायला उशीर होईल. परवा सकाळी घेऊन जाईन तशीच."

"घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे फाइल घेऊन बसले. एका डॉक्टरांचा डगला संध्याकाळी द्यायचा होता, तो तसाच खुंटीवर. मी दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडायला पडदा सारला आणि तिथेच उभी राहिले.

इस्त्री कधीच थंड झाली होती. मांडीवर फळकुट, फळकुटावर ते भोक पडलेलं पान. शेजारी वाटीत खळ, दाढीचं पातं, खोडरबर. दुसऱ्या कोऱ्या कागदाचा कोपरा पात्याने खरवडून त्यांनी कापसासारखे तंतू काढले होते. तेच तंतू खळीत भिजवून सुईच्या टोकाने भोकाच्या कडेला बसवत होते. श्वास रोखून. मी तिथे उभी असताना ते भोक मिटत गेलं.

मग त्यांनी पेन्सिल उचलली. लिहिता न येणारा माणूस! पण नक्षी उचलायला वाचता कुठे यावं लागतं? शेवटच्या पानांवर त्याच मुलीची सरळ अक्षरं होती. ती बघून त्यांनी पहिल्या पानांवरची उलटी अक्षरं पुसली आणि सुलटी काढली. लाल शाईच्या खुणा पात्याने खरवडल्या.

"थोडं वाकडं ठेवलंय," ते म्हणाले. "लहान मुलाचं वाटलं पाहिजे."

मी पान हातात घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं.

"सापडत नाही हो," मी म्हटलं.

कान हलले.

संध्याकाळी डॉक्टरांचा माणूस डगला न घेता परत गेला आणि जाताना मला चार शब्द सुनावून गेला. मी ऐकून घेतले. मी कुणाचं ऐकून घेते, हीच नवलाची गोष्ट. पण त्या दिवशी मला वाटत होतं, आमच्या घरात काहीतरी मोठं चाललं आहे.

सकाळी ह्यांनी फाइल स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळून तिच्या हातात दिली. चारही कोपरे असे दुमडलेले, जणू दुकानातून नवीन आणलेली वस्तू. "तिथे गेल्यावरच सोड," म्हणाले. "नाहीतर पुन्हा चुरगळतील." तिने कापडावरून हात फिरवला. वाकून त्यांच्या खांद्याला गाल लावला, लहानपणी लावायची तसा, आणि गेली.

दुपारी परत आली ती दुकानात न येता मागच्या दाराने स्वयंपाकघरात. मी फळी तशीच सोडून आत गेले. ती पाटावर बसली होती, फाइल मांडीवर, कापडाची घडी तिच्यावर.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी दे."

पाणी दिलं. प्यायली नाही.

"बाई, मी तुझी आई आहे. सांग."

"तिघं होते. एक बाई आणि दोन साहेब. मी म्हटलं, ही मुलगी वर्षाच्या सुरुवातीला कशी लिहायची बघा, आणि फाइल उघडून पुढे सरकवली." तिने कापडाची घडी बाजूला ठेवली. "साहेब म्हणाले, ही तर सुरुवातीपासूनच छान लिहिते आहे. मग तुम्ही वर्षभर काय शिकवलंत?"

मला अजूनही कळेना. चांगलं लिहिते म्हणाले, मग वाईट काय झालं?

"आई, मला तिचं ते फाटकं पानच दाखवायचं होतं. अशी आली होती आणि अशी झाली. माझ्याकडे दुसरं काय होतं? बाकीच्या पाचजणींकडे मोठमोठ्या कॉलेजांचे दाखले आहेत. माझ्याकडे ते भोक होतं."

 लोक म्हणतील शिकवता येत नाही, हे वाक्य माझं होतं.

"मग त्या बाईंनी पान उचललं," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि खिडकीच्या उजेडात धरलं. विचारलं, ही पानं मुलांनीच लिहिली आहेत, की घरी बसून तयार केलीत?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चूक माझी आहे. मी फाइल तपासून आणायला हवी होती."

"सांगायचं नाही का मग, माझ्या बापाने केलं म्हणून! त्यांना काय ठाऊक म्हणून!"

"सांगितलं असतं तर ते हसले असते, आई. मला ते बघवलं नसतं."

दारात सावली पडली. हे उभे होते. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान तसंच. कधीपासून उभे होते कोण जाणे. या माणसाचं येणं-जाणंही त्याच्या रफूसारखंच, कळत नाही.

मला वाटलं, आता खाली बसतील. बसले नाहीत. पुढे आले आणि म्हणाले, "कुठे दिसलं त्यांना?"

तिने फाइल उघडली, ते पान काढलं आणि खिडकीशी जाऊन उजेडात धरलं. सबंध पानातून ऊन आरपार येत होतं. एकाच जागी, वाटाण्याएवढी, एक गडद सावली होती.

त्यांनी पान हातात घेतलं. जवळ नेलं, लांब नेलं. इतक्या वर्षांत त्यांचा रफू कुणाला सापडला नव्हता. आणि सापडला तो पोटच्या पोरीच्या मुलाखतीत.

"खळ जास्त झाली," ते म्हणाले.

"खळ?" माझा तोल सुटला. "पोरीच्या तोंडचा घास गेला आणि तुम्हाला खळीचं पडलंय? कुणी सांगितलं होतं तुम्हाला नसता शहाणपणा करायला? इस्त्री फिरवतो म्हणालात ना, मग इस्त्री..."

"आई, असू दे," ती म्हणाली. एवढंच. पण असं म्हणाली, की वर्गातलं पोर गप्प व्हावं तशी मी गप्प झाले. तेव्हा मला कळलं, ही खरंच बाई झाली आहे.

त्यांनी पान काळजीपूर्वक तिच्याकडे परत दिलं. "त्या मुलीकडून पुन्हा लिहून घेता येईल का? तसंच, वाकडं?"

तिने पान फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "ती आता तसं लिहीतच नाही, बाबा."

जागा दुसरीला मिळाली. वर्ष संपलं. पोरगी बॅग घेऊन रात्रभराच्या प्रवासाला गेली. जाताना ह्यांनी तिची बॅग उचलून गाडीत ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, स्वेटरचं कोपर विरलंय, सुट्टीत आले की द्या करून." हे "हो" म्हणाले. ती मुद्दाम म्हणाली, हे मला कळलं. त्यांनाही कळलं असणार. कान काही हलले नाहीत.

ती गेल्यापासून एकेक काम संपलं की हे उठतात, कापड खिडकीच्या गजाशी धरतात आणि उजेडात बघत उभे राहतात. पुष्कळ वेळ. कधी कधी परत बसतात आणि सबंध रफू उसवतात. चांगला असतो हो, मी बघते ना! पूर्वी दिवसाकाठी जेवढे कपडे व्हायचे, त्याच्या निम्मे होत नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी सांगते, घाई असेल तर मशीनवाल्याकडे जा. ह्यांना काही म्हणत नाही. माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे, पण ते सगळं त्या दिवशी एका दमात बोलून झालं, आणि त्यातलं अर्धं मला स्वतःला म्हणायचं होतं.

काल तो कारकून पुन्हा आला. या वेळी रफू झालेली विजार न्यायला, खिशाजवळ फाटली होती ती. मी कपडा फळीवर पसरला. जुनी सवय, तोंडातून निघून गेलं, "शोधून दाखवा."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. उलटी केली, सुलटी केली, दारात गेला, परत आला.

"नाही बुवा," तो हसून म्हणाला. "कळतच नाही कुठे होतं!"

पडदा सरकला. हे बाहेर आले. गिऱ्हाइकासमोर हा माणूस कधी येत नाही. त्यांनी विजार आपल्याकडे ओढली, अंगुस्तान काढून खिशात टाकलं आणि कापडावर एका जागी बोट ठेवलं.

"इथे," ते म्हणाले. "इथे होतं."

कारकून गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. बोट काही हललं नाही.