खांदा चौथ्या तारेला

"पोचला! मावशी, झगा पलीकडे पोचला!" नजला गच्चीवरून ओरडतच खाली धावली. शाळेला तिनं आज सरळ दांडी मारली होती. मावसबहिणीचं लग्न काय रोज असतं?

"नीट पाहिलंस ना?" रस्मियामावशीच्या हातातली सुई थांबली.

"युनोच्या गोऱ्या साहेबानं स्वतः आजोबांच्या हातात दिला! तीन कागद, दोन्हीकडच्या सह्या, दीड महिना... सगळं एका झग्यापायी!"

"एका झग्यापायी म्हणे! सात महिने डोळे फोडलेत मी."

गावाच्या मधोमध काटेरी तारांचं कुंपण होतं. एकोणपन्नासात दोन्हीकडच्या साहेबांनी नकाशावर रेघ ओढली, आणि आजोळी राहायला गेलेली मावशीची नऊ वर्षांची रुवैदा जॉर्डनमध्ये राहिली, तिची आई इस्रायलमध्ये. मधे फक्त एक गल्ली! तारेपाशी बोलायला बंदी. पण गाण्यांकडे शिपाई काणाडोळा करायचे, म्हणून बायका बाळंतपणापासून मयतापर्यंत सगळं गाऊनच कळवायच्या. माप मात्र गाऊन कसं घेणार? रुवैदा तारेला खेटून उभी राहायची आणि मावशी इकडून, दहा पावलांवरून, नजरेनं मोजायची. खांदा चौथ्या तारेला.

"बापासारखी उंच झालीय माझी पोर," असं ती अख्ख्या गल्लीला ऐकवायची.

दुपारी पलीकडून रुवैदाची वरात तारेपाशी आली. लग्नासाठी तिथली काटेरी झुडपं कापून जागा साफ केली होती. लाल भरतकाम उन्हात नुसतं पेटलं होतं! नजला टाळ्या पिटत उड्या मारत होती, आणि एकदम थांबली. झग्याचा घेर मातीत लोळत होता. चांगला वीतभर.

"अगंबाई, आत अजून एक नवरी मावेल," शेजारची थुरय्या खिदळली.

मावशीचा चेहरा उतरला. "पोटच्या पोरीचं माप चुकलं माझं."

"मग दुमडून घ्यायला काय झालं होतं त्यांना?" नजला भडकली. छाती भरून तिनं तोच सवाल गाण्यात गुंफला आणि तारेपलीकडे फेकला, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच एकटीनं! शिपायानं मान वळवली. पण दुसरीकडे.

पलीकडून रुवैदाच गात आली: आईचा टाका मी कुणाला उसवू देईन होय? तू मोजायचीस तेव्हा मी कशावर उभी असायचे, ते बघ ना आई!

तिनं घेर उचलला आणि कापलेल्या काट्यांमधून उघड्या पडलेल्या एका धोंड्यावर ती चढली. आईला नीट दिसावी म्हणून आठ वर्षं ती ह्याच धोंड्यावर उभी राहत आली होती. तिनं घेर सोडला. काठ बरोब्बर धोंड्याला टेकला. खांदा चौथ्या तारेला.

नजलानं जीभ नाचवत असा काही आनंदाचा लुलुकार केला की दोन्हीकडच्या बायका तिला येऊन मिळाल्या!

"एवढुशीच आहे गं," मावशी पुटपुटली. "एवढुशीच."

वरात वळली. नवरी घेर दोन्ही हातांनी सावरत निघून गेली. धोंडा तारेपाशी राहिला. मावशीनं हात हवेत चौथ्या तारेइतका उंच धरला, आणि हळूच वीतभर खाली आणला.