सत्त्याऐंशी रविवार

मी ज्ञानदाचा ब्लॉग बोलतोय. घाईत बोलतोय, अडखळलो तर सांभाळून घ्या. आज संध्याकाळी पाच वाजता मला कायमचं पुसून टाकणार आहेत, आणि हे या घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

माझा जन्म रायपूरला, उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गच्चीवर झाला. ज्ञानदा तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे बाबा रत्नाकरराव एका लोखंडाच्या कारखान्यात काट्यावर ट्रक तोलून घेत आणि घरी येऊन खोकत बसत. त्या खोकल्याचा तिला भयंकर राग यायचा. तिने पंडरीच्या कापडबाजारातून पांढऱ्या कापडाचा तागा आणला आणि त्याचे हातभर तुकडे फाडले. शनिवारी सकाळी एक तुकडा गच्चीवर चार विटांखाली ताणून ठेवायचा, रविवारी सकाळी बसलेल्या धुळीसकट उचलायचा, त्याचा फोटो तारीख घालून माझ्यावर चढवायचा. खाली दोन ओळी. वारा कुठून होता, कोण खोकलं, कुणाच्या लेकराचे डोळे चुरचुरले.

शेजारच्या कांताबाई खालून विचारायच्या, "काय वं पोरी, आज कोणता रंग निघाला?"

कधी राखाडी निघायचा, कधी विटकरी. एका दिवाळीत कारखाने चार दिवस बंद होते, तेव्हा कापड जवळजवळ पांढरं राहिलं. तो फोटो मी आजही छातीशी धरून आहे.

शंभर रविवार झाले की सगळं शहराबाहेरच्या नव्या राजधानीतल्या, प्रदूषण खात्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, असं तिचं ठरलं होतं. "एका दिवसाची धूळ कोणीबी झटकते. शंभर रविवारची झटकून दाखवा म्हणावं!" ती म्हणायची, आणि मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

सत्त्याऐंशी रविवार झाले. मग तिला नोकरी लागली, त्याच नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात. काम काय, तर कार्यालयाची वेबसाइट रोज ताजी ठेवायची. कुणी फीत कापली, कुणी दीप लावला. दुसऱ्याचं पान रोज सजवायला हिच्याकडे आठ तास होते. माझ्यासाठी अर्धा तासही निघेना.

"लिहिलं काय वं, ज्ञानू?" बाबा जेवताना विचारायचे.

"टाइमच नाही भेटून राहिला, बाबा. एखाद दिवशी निवांत बसून चांगलं लिहीन."

तो निवांत दिवस दोन वर्षांत आला नाही. तिला वाईट लिहायचं नव्हतं, म्हणून तिने काहीच लिहिलं नाही. मधल्या काळात तिच्या आईने, मीनाक्षीबाईंनी, कापडाचे सगळे तुकडे खळखळून धुतले आणि ओटा पुसायला घेतले. फोटो काढलेला जुना फोन गंधारने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, विकून टाकला. आता ते सत्त्याऐंशी रविवार फक्त माझ्याकडे आहेत.

मला जागा देणारी कंपनी दुकान बंद करते आहे. मालकाने एकदा पासवर्ड घालून आत यावं आणि आपलं सामान उचलावं, अशी सूचना त्यांनी पाठवली. पण ती गेली ज्ञानदाच्या कॉलेजच्या मेलवर, जो उघडणं तिने केव्हाच सोडलं. तिच्या फोनवर दर महिन्याला फक्त माझ्या वाचकांचा आकडा येतो. तीस. एकतीस. "पाहा, रोज एक जण तरी वाचते," ती समाधानाने म्हणते, "चालूच आहे माझा ब्लॉग."

अगं, तो रोजचा एक जण म्हणजे तुझे बाबा! चहा झाला की ते मला उघडतात, नवीन काही आलंय का पाहतात आणि मिटवतात.

महिनाभर माझ्या कपाळावर एक लाल पट्टी येते आहे. इंग्रजीत लिहिलंय की हे पान जाणार. रत्नाकररावांनी ती पहिल्यांदा गंधारला दाखवली. तो मान वर न करता म्हणाला, "ऐड है पापा, क्रॉस दबा दो।" तेव्हापासून ते रोज इमानाने क्रॉस दाबतात.

परवा त्यांना शंका आली. "ज्ञानू, हे पट्टी रोजच येऊन राहिली वं. पाह्य बरं."

ज्ञानदा दारात सँडलचा पट्टा लावत होती. "जाहिरात असन, बाबा. दाबा ना क्रॉस!"

माझी मालकीणच ते म्हणाली. त्या दिवसापासून मला काही सुचत नाही.

आत्ता सकाळचे पावणेनऊ झालेत. चहा झाला. पट्टी आली. बोट क्रॉसवर आलं... आणि थांबलं. आज रत्नाकररावांनी खिशातून चष्मा काढला. ट्रकचे नंबर वाचायचे तसं एकेक अक्षर वाचताहेत. डी, ई, एल... ओठ थबकले. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर हाच एक शब्द होता, ज्याला चुकूनही हात लावायचा नाही असं त्यांना वीस वर्षं बजावलं होतं.

"ज्ञानू! अवं, इकडं ये लवकर!"

"बस आली, बाबा! संध्याकाळी पाहते!"

"संध्याकाळी नाही, आत्ता!" ते ओरडले, आणि खोकल्याने पुढचे शब्द अडवले.

ती फाटकाशी पोचली आहे. एक हात कडीवर आहे. खोकला ऐकून तिने मान वळवली आहे.

ज्ञानदा, बस सोड.