पडायचा धडा

मास्तर दरवर्षी एकदा पडायचे.

विद्यापीठात गोष्टी आणि नाटकं लिहायला शिकवणारा जो अभ्यासक्रम होता, तो दोन माणसांच्या जिवावर चालायचा. नाटक शिकवायचे ते मास्तर आणि कथा शिकवायच्या त्या बाई. दोघांत मिळून एकच वर्ग, तोही रसायनशास्त्रवाल्यांनी सोडलेला. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन तसंच होतं, बाकांवर आम्लाचे डाग होते. एकाचा तास चालू असला की दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून पोरांचं लिखाण तपासायचं, कारण बसायला दुसरीकडे जागाच नव्हती. बाईंना सख्खा भाऊ नव्हता. ती हौस त्यांनी मास्तरांशी भांडून फेडून घेतली होती.

भांडणाचं कायमचं कारण म्हणजे हे पडणं. नवी मुलं आली की पहिल्याच आठवड्यात मास्तर बोलता बोलता खुर्चीवरून धाडकन कोसळायचे. मुलांची पाचावर धारण बसायची. कुणी पाण्याला धावायचं, कुणी रडायला लागायचं. मग मास्तर कपडे झटकत उठायचे आणि म्हणायचे, "आता लिहा. काय पाहिलंत ते." प्रत्येकाने वेगळंच पाहिलेलं असायचं.

"लांडगा आला रे आला होईल एक दिवस," बाई म्हणायच्या.

"तुम्ही आहात की मागच्या बाकावर," मास्तर म्हणायचे.

त्या दुपारी तास दुसऱ्या वर्षाचा होता. पोरांना मास्तरांच्या सगळ्या खोड्या पाठ होत्या. नाटकातलं माणूस बोलता बोलता गप्प का होतं, हे मास्तर समजावून सांगत होते, आणि सांगता सांगता स्वतःच गप्प झाले. मुलं हसली. मागे बाईंनी मान वर न करता मनात म्हटलं, झालं सुरू.

गप्प बसणं लांबलं. मग मास्तरांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ती ताटली लावून घ्या." वर्गात खसखस पिकली. "ताटली," ते पुन्हा म्हणाले आणि टेबलाला धरत धरत खाली घसरले.

लगेच वह्या उघडल्या. शिकवून तयार केलेली पोरं ती. कुणी जागचं हललं नाही, सगळ्यांनी लिहायला घेतलं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या वर्षाला पुन्हा हाच धडा कशाला? त्यांनी मान उंचावून पाहिलं. मास्तर चष्म्याला फार जपायचे. पडायच्या आधी तो हळूच काढून खिशात ठेवायचे. मुलांच्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं, बाईंनी मात्र इतक्या वर्षांत बरोबर टिपलं होतं. आज चष्मा गालाखाली दबला होता आणि त्याची मोडकी काडी कानाशी उभी होती.

बाई बाकावरून उठल्या. "लिहू नका," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने वळून त्यांचा चेहरा नीट न्याहाळला आणि तेही लिहून घेतलं.

"अरे, खरंच पडलेत ते."

एक उंच मुलगा हसला. "बाई, तुम्ही पण छान करता."

मास्तर मरतील ही भीती होतीच. पण भरल्या वर्गात आपण खरं बोलतोय आणि एकालाही ते खरं वाटत नाही, ही भीती बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. लिहिलेलं खरं वाटलं पाहिजे, हे त्याच तर या पोरांना घोकून शिकवत आल्या होत्या. आता त्यांच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द नाटकी वाटत होता. जितकं ओरडावं तितकी पोरं भराभर लिहीत होती.

मग त्यांनी बोलणंच सोडलं. बाकांना धरत पुढे गेल्या, त्या उंच मुलाचं मनगट पकडून त्याला ओढत खाली बसवलं आणि त्याचा हात मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांचा हात ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

मुलाचं हसू विझलं. "फोन करा कुणीतरी," तो म्हणाला. "ॲम्ब्युलन्सला फोन करा." त्याचं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

ॲम्ब्युलन्समध्ये बसून बाईंनी मास्तरांच्या घरी फोन लावला. "वहिनी, मास्तर पडलेत."

पलीकडे मिक्सर चालू होता. "पडू देत. रोज मरे त्याला कोण रडे," वहिनी म्हणाल्या. "येताना कांदे आणायला सांगा त्यांना."

थोड्या वेळाने मिक्सर बंद झाला.

"तुम्ही बोलत का नाही?" वहिनींनी विचारलं. "बोला ना काहीतरी."

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. कधीपासून असं होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. "खिडकीला ताटली म्हणाले तेव्हापासून," बाई म्हणाल्या. "त्यानंतर थोडा वेळ गेला. आम्हाला आधी खरं वाटलं नाही." डॉक्टर आत गेले. दोघी बायका बाहेरच्या बाकड्यावर जीव मुठीत धरून बसल्या. दार उघडलं की बाई जमिनीकडे बघायच्या, येणाऱ्याचं तोंड बघायची हिंमत होत नव्हती. वहिनी दोष देतील असं त्यांना वाटत होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मी तरी काय केलं? कांदे सांगितले."

मास्तर वाचले. हात हळूहळू वळायला लागला, शब्द मात्र हाती लागेनात. चमच्याला दार म्हणायचे, वहिनींना कधी ताई म्हणायचे आणि मग चूक कळून भिंतीकडे तोंड फिरवायचे. बाई भेटायला जायच्या तेव्हा जिन्यातच थबकायच्या. आज आपलं नाव आठवलं नाही तर? एकदा नाहीच आठवलं. बाईंनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि रस्त्यावर येऊन रडल्या.

पुढच्या वर्षी मास्तर म्हणाले, मला वर्ग हवा. विभागप्रमुखांनी हात झटकले. "भर वर्गात अडले तर? मुलं काय म्हणतील?"

"मी मागे बसते," बाई म्हणाल्या. "माझी नेहमीचीच जागा आहे ती."

पहिल्या तासाला मास्तर टेबलाला टेकून उभे राहिले. समोर सगळी नवी मुलं. "नाटकात दोन माणसं समोरासमोर आली," त्यांनी एकेक शब्द पारखून सुरुवात केली, "की त्यांच्या मध्ये एक..."

आणि थांबले.

बाई अर्ध्या उठल्या. मास्तरांचं ओठ हलवणं, कपाळावरचा घाम, टेबलावरची बोटं, सगळीकडे त्यांची नजर एकदम धावली. मास्तरांनी हाताने खाली बसायची खूण केली.

"घाबरू नका," ते म्हणाले. "येतोय."

मुलं वाट बघत राहिली. बाई बाकाची कड धरून बसल्या.

"जिना असतो," मास्तर म्हणाले.

त्यांना तो शब्द नको होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. त्यांनी मान हलवली, मग त्यांनाच हसू आलं. मुलंही हसली आणि तास पुढे सुरू झाला. बाईंना काही हसू आलं नाही. त्यांनी समोरची कथा तपासायला ओढली. पहिलंच वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा वाचावं लागलं.