तीन हातांचं वळण

मार्गशीर्षातली सकाळ उंबरवण्याच्या पठारावर येते ती अनवाणी. दवभिजल्या गवताच्या पिवळ्या पात्यांवरून, कापून नेलेल्या नाचणीच्या खुंटांवरून, कारवीच्या वाळल्या करड्या झुडपांवरून ती हलक्या पावलांनी येते. खाली दरीच्या अथांग ओंजळीत शुभ्र धुकं निःशब्द पहुडलेलं असतं. त्या धुक्याखाली धरणाचं पाणी असतं, पाण्याकाठची सडक असते, दवाखाना असतो, बाजार असतो, म्हणजे सगळं जगच असतं म्हणा ना. वर मात्र ऊन, गारवा, आणि सकपाळांच्या अंगणात उभी असलेली थोरली.

थोरली म्हणजे लेक नव्हे, गाडी. जुनी फोर-बाय-फोर पिकअप, एके काळची आकाशवर्णी, आता ऊनपावसानं राखवर्णी झालेली. हैबती सकपाळानं ती दारात आणली तेव्हा घरात पाळणा हलायचा होता. मग एक लेक झाली, दुसरी झाली, आणि गाडी आपोआप थोरली ठरली. दोघी लेकी यथाकाळी नांदायला गेल्या, ही तेवढी माहेरीच राहिली. पठारावरच्या चाळीस उंबऱ्यांचं दूध तिनं वाहिलं, नाचणी वाहिली, तापानं फणफणलेली पोरं वाहिली, हिरव्या चुड्याच्या नवऱ्या वाहिल्या. चिखल असो की खडक, चारही चाकांनी ओढून ती वाट काढायची. गुणाची होती हो, पण मानेची ताठ.

ताठ म्हणजे किती ताठ? दोघींनी दळायचं जातं एकटीनं ओढून बघावं, तेव्हा कळेल. घाटाला सात वळणं, आणि प्रत्येक वळणावर तिचं स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे खांद्यातलं, पाठीतलं, पोटरीतलं सगळं बळ त्या काळ्या चाकात ओतायचं. हैबतीनं ते वर्षानुवर्षं ओतलं. नाव हैबती, पण माणूस गाईसारखा गरीब. त्याच्या अंगातली सगळी हैबत त्या सात वळणांवरच काय ती दिसायची.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी हिरडे उतरवताना तो झाडावरून पडला. जीव वाचला, डावा खांदा गेला. हात गिअरपर्यंत पोचायचा, स्टिअरिंगच्या माथ्यापर्यंत पोचायचा नाही. पठारावर दुसरी गाडी नव्हती, दुसरा चालवणारा नव्हता, आणि दूध तर रोज निघतच होतं. तेव्हा त्याची बायको गोजरा पदर खोचून त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवसापासून तिचा उजवा हात हा त्याचा डावा हात झाला.

वळण आलं की तो म्हणायचा, "ये."

एवढंच. ना नाव, ना हाक, ना आर्जव. "ये." आणि तिचा काकणभरला हात यायचा, चाकाला भिडायचा, त्याच्या हाताबरोबर ओढायचा, ढकलायचा, आणि ती ताठ मानेची थोरली हळूहळू, कुरकुरत, मान वळवायची. डावं वळण, ये. उजवं वळण, ये. धुक्यातून ये, धुळीतून ये, श्रावणाच्या हिरव्या अंधारातून ये, शिशिराच्या पांढऱ्या उजेडातून ये. उतरताना सात वेळा, चढताना सात वेळा.

आता नवऱ्यानं बायकोला ये म्हटलं यात नवल ते काय, असं कुणीही विचारील. पण हैबती हा तोंडातून शब्द काढताना पायलीभर विचार करणारा. लग्नात उखाणा घ्यायला लावला तर घामाघूम झालेला. संसाराच्या एवढ्या वर्षांत "जेवलीस का" हे सुद्धा त्यानं चुलीकडे बघत विचारलेलं. त्या माणसाच्या तोंडून दिवसातून चौदा वेळा "ये" ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते गोजरालाच माहीत. ती कुणाला सांगायला गेली नाही. पण घाटाच्या पायथ्याला सातवं वळण संपलं की तिला रोज थोडं चुकल्यासारखं व्हायचं, हे मात्र खरं.

कार्तिकात, त्याच सातव्या वळणावर, तिचं मनगट लचकलं. त्या वळणाला वरातीचं वळण म्हणतात. पूर्वी कधी तिथं अख्ख्या वरातीला खाली उतरून गाडी ढकलावी लागली होती, नवरदेवासकट. गोजरानं मनगटाला हळद-तुरटीचा लेप लावला, वरून हिरव्या बांगड्या पुढे ओढल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी जाऊन बसली. तो ये म्हणाला, ती आली. दुखलं, पण तिनं दुखू दिलं.

आठवड्याभरानं हैबती एकटाच तालुक्याला जाऊन आला, एस.टी.नं. आला तो सांगतच आला की नूरभाई मिस्त्री येतोय, थोरलीला पावर स्टिअरिंग बसवायचं. चुलीकडे बघत म्हणाला, "आता तुला ओढायला नको."

तो काय म्हणाला आणि तिनं काय ऐकलं! त्याला म्हणायचं होतं, तुझे कष्ट सरले. तिनं ऐकलं, तुझं काम सरलं. भाकरी तव्यावर करपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि मग करपलेली भाकरी तिनं स्वतःच खाल्ली.

नूरभाई आला तो भंगारात निघालेल्या एका गाडीचं सगळं सामान गोणीत घालून. साठीतला माणूस, दाढी मेंदीनं लाल, बोटं ग्रीसनं काळी. दोन दिवस सकपाळांच्या अंगणात हातोड्याचा नाद घुमत राहिला. जुनी जड स्टिअरिंग पेटी निघाली, नवी बसली. इंजिनाच्या कुशीत पंप बसला, पंपाला पट्टा आला, तेलाची डबी आली, दोन काळ्या नळ्या आल्या, एक तेल न्यायला आणि एक परत आणायला. निघालेली जुनी पेटी हिरडीच्या झाडाखाली पडून होती. गोजरानं सांजच्याला ती चिंधीनं पुसली, आणि तिला उगाचच वाटलं की आपण दोघी एकाच वेळी कामावरून निघालो.

तिसऱ्या दिवशी डबीत माणकासारखं लाल तेल पडलं. नूरभाई म्हणाला, नळ्यांत हवा राहिलीय, ती काढायला हवी. कुणीतरी वर बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, मी तेल बघतो. हैबती जॅकशी वाकलेला होता. म्हणून गोजराच चढली, उजवीकडे, त्याच्या जागेवर. गाडी चालवणं तिला अगदीच नवीन नव्हतं. सपाटीवर त्यानं तिला शिकवलं होतं, लायसनसुद्धा काढून दिलं होतं. पण सात वळणांपुढे त्या कागदाचं काय चालणार? तो ट्रंकेत रेशनकार्डाखाली पडून होता.

इंजिन सुरू झालं. तिनं सवयीनं दात आवळले, खांदा लावला, आणि चाक असं गर्रकन फिरलं की तीच सीटवर कलंडली. पुन्हा फिरवलं. तळव्यानं फिरलं. बोटांनी फिरलं. शेवटी एका करंगळीनं फिरलं. डबीतून लाल तेलातले बुडबुडे वर येत होते, फुटत होते, आणि नूरभाई खुशीत मान डोलवत होता. अकरा वर्षं जिच्यासाठी हाडं झिजवली ती आता करंगळीचं ऐकते! गोजराला थोरलीचा राग आला, अगदी सवतीचा यावा तसा. आणि मागोमाग रडूही आलं. ते तिनं धुरावर ढकललं.

चौथ्या सकाळी दुधाचे कॅन चढले. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. नूरभाई हौद्यात कॅनांशेजारी उभा राहिला, काम बघितल्याशिवाय तो गावाला जाणार नव्हता. गोजरा येणारच नव्हती खरं तर. पण पाय सवयीनं चढले, आणि ती डावीकडे बसली, हात मांडीवर, मांडीवरच्या हातावर दुसरा हात, जसा काही तो पळून जाईल.

पठार सरलं. पहिलं वळण आलं, हिरडीचं. डोंगर डावीकडे, दरी उजवीकडे, आणि वाटेकडेला नाचणीच्या काडाची उंच सोनेरी गंजी. हैबती काही बोलला नाही. तिनं वाट बघितली. तो बोललाच नाही.

पण शब्द थांबला तरी सवय थांबत नाही. त्याच्या अंगानं अकरा वर्षांचा जोर चाकावर घातला, आणि त्याच निमिषाला, न बोलावता, तिचा हातही झेपावला. झालं! करंगळीच्या गाडीवर दोन माणसांचं बळ. थोरलीनं डावीकडे अशी काही झेप घेतली की सडक सुटली, चर ओलांडला गेला, आणि ती नाकासकट गंजीत जाऊन रुतली. कॅन खणखणले. काचेवर सोनेरी काडाचा पाऊस पडला. मग सगळं शांत झालं.

नूरभाई काड झटकत खाली उतरला. पुढची चाकं बघितली, नळ्या बघितल्या, डबी बघितली. "गाडी नाय चुकली," तो म्हणाला. "तुम्ही दोघं चुकलात. हिला आता जोर नको दादा, नुसता इशारा पुरे."

मागे घेऊन हैबतीनं पुन्हा प्रयत्न केला, या खेपेला गोजरानं हात पदरात गुंडाळून घेतले होते. पुन्हा तेच, त्याचा हात हलका होईचना, गाडी चरावरून कशीबशी परतली. जन्मभर डोंगराशी झोंबलेल्या हाताला फुंकर कशी घालायची ते ठाऊकच नव्हतं. त्यानं इंजिन बंद केलं. काचेवरच्या काडांकडे बघत बसला.

"बरंच झालं," गोजरा म्हणाली. तिला म्हणायचं नव्हतं, पण निघालंच. "मला घालवायला निघाला होता तुम्ही."

"घालवायला?"

"ओढायला नको म्हणाला. मग मी बसू कशाला हितं? आणि आज तर ये सुद्धा म्हणाला नाही."

हैबतीनं तिच्याकडे बघितलं. चुलीकडे नाही, काचेकडे नाही, तिच्याकडे. आणि मग पायलीभर विचार न करता बोलला.

"तुझ्या बांगड्या वाजायच्या गं वळणावर. कार्तिकापासून वाजंनात. सुजेत रुतल्या होत्या, बघितल्या मी. तुला ये म्हणायची भीती वाटाय लागली मला." त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली. "माझ्यासाठी नाय घातलं हे. माझा खांदा आता निवृत्तच. तुझ्या हातानं वळावी म्हणून घातलंय. मिस्त्रीला विचार."

मिस्त्रीला विचारायची गरज पडली नाही. तो दाढीतल्या दाढीत हसत, आपण काही ऐकलंच नाही असं दाखवत, हौद्यात चढत होता. चढता चढता एवढंच म्हणाला की हवा काढताना बघितलं होतं, वहिनींचा हात हलका आहे.

मग हैबती उजवीकडून उतरला, थोरलीच्या तोंडाला वळसा घालून डावीकडे आला, आणि गोजरा सरकून उजवीकडे गेली. चाळीस उंबऱ्यांचं दूध मागे, सात वळणं पुढे. तिनं इंजिन सुरू केलं. त्या वळणांना तिचे हात ओळखत होते. कुठं ओढायचं, कुठं सोडायचं, कुठल्या दगडाला मान द्यायची, सगळं त्यांना पाठ होतं.

हिरडीचं वळण वळलं. दुसरं वळलं, तिसरं वळलं. ऊन धुक्यात उतरू लागलं, धुकं उन्हात विरू लागलं, आणि राखवर्णी थोरली ओल्या उजेडात क्षणभर पुन्हा आकाशवर्णी वाटली. चौथं वळण, पाचवं, सहावं. मनगटाची सूज केव्हाच ओसरली होती, आणि आज, प्रत्येक वळणावर, हिरव्या बांगड्या वाजत होत्या. हैबती डोळे मिटून त्या मोजत होता की काय, कोण जाणे.

सातवं आलं. वरातीचं. एकदम खोल, एकदम तीव्र, खाली धरणाचं निळं पाणी नुकतं उघडं पडत असलेलं. करंगळीनंही वळलं असतं. कुणाची गरज नव्हती, अगदी कुणाची नव्हती.

गोजरानं समोर बघत, आयुष्यात पहिल्यांदा, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं, हळूच म्हटलं,

"या."

आणि त्याचा उजवा, धडधाकट, राकट हात आला. चाकावर तिच्या हाताशेजारी टेकला. ओढलं नाही त्यानं, ढकललं नाही. नुसता टेकला, दवानं गवतावर टेकावं तितकाच. थोरलीनं मान वळवली, धुकं बाजूला झालं, पाणी उजळलं, बांगड्या वाजल्या. वळण संपलं, सडक सरळ झाली, आणि तो हात तिथंच राहिला.