पडली नाही, पाडली

डॉक्टरसाहेब, तुम्ही खोटं लिहिलं. श्रुतिका पडली नाही, तिला पाडलं. हे तुम्हाला ठाऊक होतं. ती बोलली तेव्हा तिच्यात आणि तुमच्यात फक्त मी उभा होतो, आणि मी काही भिंत नाही. मी एक जुना पडदा आहे. माझ्यातून सगळं ऐकू जातं.

मित्रांनो, दवाखान्यात तपासायच्या टेबलापुढं तीन चौकटींचा, चाकांवर सरकणारा हिरवा पडदा असतो ना, तोच मी. मध्य प्रदेशात, बालाघाट-गोंदिया रस्त्यावरच्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी नोकरी केली. माझ्या लोखंडी चौकटी बालाघाटात जोडल्या. कापड शिवलं लीलाबाईनं. दवाखान्यासमोर शिलाई मशीन टाकून बसायची ती. तिनं कापड दुहेरी घेतलं. शेजारचा चहावाला म्हणाला, "एवढं जाड काहून करून राह्यली, बाई?" ती म्हणाली, "उद्या आतमंदी माही पोरगी असन तं?" त्या एका वाक्यावरून मला माझं काम कळलं. साहेब, तुम्ही एवढं शिकलात, तुम्हाला कळलं नाही.

माझे चांगले दिवस आशालता सिस्टरच्या काळातले. बालाघाटच्या जुन्या नोकरदार मराठी घरातली बाई, तोंडानं फटकळ. तिचा नियम असा, की पडद्याच्या आत पेशंट एकटा. नवरा बाहेर, सासू बाहेर, सरपंच आला तर तोही बाहेर. एकदा एक म्हातारी अडून बसली, "मी सासू आहे हिची!" सिस्टर म्हणाली, "हौ, दिसूनच राह्यलं. बाहेर बाक आहे, त्याच्यावर बसून सासू राहा."

मग ती आत येऊन हळू आवाजात विचारायची. घरी कोणी मारतं का? मनाविरुद्ध अंगाला हात लावतं का? आज घरी जायची भीती वाटते का? पहिल्या खेपेला बाया "नाही" म्हणायच्या. सिस्टर रागवायची नाही. तिसऱ्या खेपेला बाई बोलायची, आणि एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. मी माराचे वळ पाहिले, चटके पाहिले, दातांच्या खुणा पाहिल्या. नवऱ्यानंच जबरदस्ती केलेल्या बाया पाहिल्या. त्यांना तर वाटायचं, याला काही नावच नाही. सिस्टर नाव सांगायची. नव्या नर्सला म्हणायची, "बाई जे बोलली तेच लिहायचं. आपली अक्कल त्यात घालायची नाही."

बाप्येही यायचे. मलाजखंडच्या खाणीवर ठेकेदाराचा डंपर चालवणारा प्रेमलाल एकदा आला. बाहेर मिशीला ताव, आत आला आणि मान खाली. "सिस्टर, माह्याच्यानं... होत नाही." सिस्टर हसली नाही. रक्त तपासलं, साखर निघाली. "मर्दपणा नाही बिघडला रे, साखर बिघडली. गोळ्या घे, आणि बायकोवर राग काढू नको." तो "हौ, हौ" म्हणत रडला आणि नाक मलाच पुसलं. मित्रांनो, या दुखण्याला इलाज असतो. माणूस आत येऊन बोलला पाहिजे, बस.

सिस्टर निवृत्त झाली. मग तुम्ही आलात, साहेब. तुम्हाला घाई. पडदा ओढायला चार सेकंद लागतात, तेही तुमच्याकडे नव्हते. माझ्या चाकांत केस आणि दोरे अडकले. माझ्यावर ओले पोछे वाळू लागले. आत नवरा, आत सासू, आत शेजारीण. बाईनं ब्लाउजचं बटण काढायचं आणि सगळ्यांनी बघायचं.

अशातच श्रुतिका आली. चोवीस वर्षांची. नवरा गजेंद्र, सासू शेवंताबाई. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. तुम्ही तिचं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी. सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला तुम्ही गजेंद्रला वीर्य तपासणीची बाटली दिली. त्यानं ती दवाखान्याच्या नालीत फेकली. म्हणाला, "मुझमें खराबी होती तो मेरी मूंछ आती क्या?" तुम्ही हसलात. मला ते हसू अजून ऐकू येतं.

त्याच दिवशी तिनं तोंड माझ्याकडे केलं आणि तुम्हाला सांगितलं, "साहेब, त्याइच्याच्यानंच होत नाही. नाही झालं का मले मारते. गळा दाबते." तुम्ही म्हणालात, "हिंदी में बोलो." तिला हिंदी येत होती. पण दुखणं मायबोलीतच बाहेर पडतं. तुम्ही लोहाच्या गोळ्या दिल्या.

मग तो दिवस. भर दुपार, दवाखान्यात गर्दी. तिला दोघांनी धरून आणलं. मनगट वाकडं लोंबत होतं. ओठ फाटलेला. गळ्यावर चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, निळेजांभळे. तुम्ही विचारलं, "क्या हुआ?"

ती म्हणाली, "मले पाडलं. ओट्यावरून पाडलं."

शेवंताबाई लगेच बोलली, "गिर गई बोलती है साब. ओटे से गिर गई."

पडणं आणि पाडणं. मधी फक्त एक काना. तुमची लेखणी कागदाला टेकली तेव्हा फरशी पुसणारी रुख्माबाई उभी राहिली. "साब, वो पाडलं बोली. पाडलं मतलब गिराया. इसने गिराया."

"तुम पोछा लगाओ," तुम्ही म्हणालात. आणि लिहिलं, गिर गई. साहेब, ओट्यावरून पडल्यावर गळ्याला बोटं उमटतात का? कोणत्या ओट्याला बोटं असतात?

तुमचा फोन वाजला, तुम्ही बाहेर गेलात. गजेंद्र माझ्या आत आला. तिचं मोडलेलं मनगट त्यानं मुठीत धरलं आणि पिळलं. "काहून बोलली व? कोणाले सांगून राह्यली?" तिचा आवाज असा निघाला, की बाहेर रांगेतलं लेकरू रडायला लागलं. त्यानं तिचे केस धरले आणि तिला ढकललं. ती माझ्यावर आली. माझी मधली चौकट वाकली, कापड उभं फाटलं, आणि आम्ही दोघं फरशीवर आडवे झालो, माझी बाजूची चौकट तिच्या अंगावर. तो वरून लाथा मारत होता. तिच्या पोटात, कमरेत. मी जेवढा तिच्या अंगावर पडलो होतो तेवढ्या लाथा मी खाल्ल्या. बाकीच्या तिनं. "वांझोटी!" प्रत्येक लाथेला तो म्हणत होता. ज्याच्या तोंडातून तो शब्द निघत होता, त्याची तपासणीची बाटली अजून नालीत पडली होती.

रुख्माबाईनं पोछ्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दांडा मोडला. "मुडद्या, इथंबी?" ती ओरडली. तेव्हा कुठं तुम्ही आलात, आणि काय म्हणालात? "ये क्या तमाशा है?" कोणाला म्हणालात? रुख्माबाईला. तिला नोटीस दिली. श्रुतिकाच्या हाताला प्लास्टर घातलं आणि "घर का मामला है, समझा के ले जाओ" म्हणून तिला त्याच्याच मोटारसायकलवर बसवून दिलं. मला मागच्या पडवीत फेकलं.

मित्रांनो, माझ्यासारखे पडदे धुवा, शिवा, चाकांना तेल घाला, असं मी सांगायला पाहिजे. नाही सांगत. लाख पडदे लावा. आत कोणाला येऊ द्यायचं नाही, हे ज्याला कळत नाही, त्याच्या खोलीत पडदा म्हणजे नुसता चिंधा. मारणाऱ्याला आडोसाच तो.

त्या दिवसाला अठरा दिवस झाले. आज सकाळी ती पुन्हा आली. खाटेवर घालून आणली. डोक्यातून रक्त, एक कान काळा पडलेला, श्वास घरघरत होता. शुद्ध नाही. खाट पडवीत, माझ्या शेजारीच टेकवली. शेवंताबाई भिंतीला टेकून बसली. रुख्माबाई तिच्यापुढं उभी राहिली. "आता बोल ना व. म्हण, गिर गई!"

शेवंताबाई हळूच म्हणाली, "मी काय बोलू, माय? मलेबी गजेंद्रच्या बापानं असंच पाडलं. मीबी पडली म्हणूनच सांगितलं."

साहेब, तुम्ही आलात, तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि गोंदियाला न्यायचा कागद केला. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दुलीचंद म्हणाला, "साब, साथ में कौन बैठेगा?"

"पति है ना," तुम्ही म्हणालात आणि सही केली.

रुख्माबाई गाडीत चढली. "मी बसतो हिच्यापाशी. याले नको बसवू, दादा." तुम्ही तिला खाली उतरवलं. "तुम्हारी ड्यूटी यहाँ है." गजेंद्र आत बसला. शेवंताबाई उठलीच नाही. दुलीचंदनं दोनदा मागं वळून पाहिलं, मग दार लावलं.

साहेब, गाडी आता राजेगावच्या पुढं गेली असेल. काचा बंद. आत ती आहे आणि तो आहे. खड्ड्यात गाडी आपटली आणि तिनं डोळे उघडले, तर ती कोणाकडे पाहील? तिचा गळा त्याच्या हातापासून दीड फुटावर आहे. मी असतो तर दोघांत उभा राहिलो असतो, फाटका का होईना. रुख्माबाई बसली असती, तिला तुम्ही उतरवलं. सही तुमची आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो.

त्या दोघांच्या मधी तुम्ही कोणाला बसवलंत? सांगा.