अननसाआधीची घाण

अप्पांचं नाक रुसलं त्याला आठ महिने झाले होते. तापातून उठले, हिंडूफिरू लागले, पण वास काही परतला नाही. अत्तरांच्या कारखान्यात तीस वर्षं ज्यांच्या नाकाखालून माल पास व्हायचा, ते आता जेवताना म्हणायचे, "कागद चावतोय, कागद!"

सुनेला ते बघवेना. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. 'ओळखीचे वास रोज हुंगवा,' असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून एका शनिवारी दुपारी तिने सासऱ्यांना सरळ शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. शिपाईमामांनी कुलूप काढलं आणि तेही गंमत बघत थांबले.

"यात काय करणार बाई?"

"अल्कोहोल आणि आम्ल एकत्र तापवायचं, मामा. फळाचा वास येतो. अल्कोहोल बदललं की फळ बदलतं."

अमाइल अल्कोहोल, अ‍ॅसिटिक आम्ल, तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब. परीक्षानळी गरम पाण्यात धरली, मग सगळं सोड्याच्या पाण्यात ओतलं. खोलीभर केळी! मामांच्या तोंडाला पाणी सुटलं. अप्पांनी हुंगून चंचुपात्र परत दिलं. "पाणी."

ऑक्टाइल अल्कोहोलाचं संत्रं झालं. तेही "पाणी"च.

"पुरे झालं, पोरी," ते हळूच म्हणाले.

"एकच राहिलंय, अप्पा. अननस."

त्याला साधं एथिल अल्कोहोल लागतं, पण जोडीला ब्युटिरिक आम्ल. त्या बाटलीचं बूच घट्ट बसलं होतं. जोर लावला तसं ते फटकन निघालं आणि चार थेंब टेबलावर उडाले. असा भपकारा सुटला की मामा नाक दाबून बाहेर पळाले. सून धडाधड खिडक्या उघडू लागली.

"छी! काय घाण आहे गं ही!"

ती जागच्या जागी थिजली. "काय म्हणालात?"

"घाण! नासलेलं लोणी!" अप्पांनी टेबलावर वाकून पुन्हा छातीभर श्वास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "अहाहा! किती भयंकर!"

सून हसता हसता रडायला लागली. दारातून मामा ओरडले, "अहो, बाहेर या, मराल!"

अप्पांनी बाह्या सारल्या. "सरक. अल्कोहोल जास्त घाल, म्हणजे आम्ल मागे उरणार नाही. उरलं तर अननसाचा सत्यानाश."

त्यांनी स्वतःच नळी तापवली, सोड्याच्या पाण्यात ओतली आणि डोळे मिटून चंचुपात्र हुंगलं. बराच वेळ.

"लांबून येतोय," ते म्हणाले. "पण येतोय."

घरी जायला एरवी दहा मिनिटं लागायची, त्या दिवशी तास लागला. बेकरीपाशी काहीच कळलं नाही. पंक्चरवाल्याच्या चिकट द्रावणाचा वास मात्र आला. मग उघड्या गटारापाशी अप्पा असे रमले की सुनेने शेवटी हाताला धरून ओढलं. "चला हो, लोक बघताहेत!"

"बघू देत," अप्पा म्हणाले आणि पुन्हा वाकले.