फ्रान्सचं चांदणं, इटलीचं ऊन

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी उभं राहायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, चपलांचा ढीग जिन्यावरून रस्त्यापर्यंत पोचला. स्टेजवर एक टेबल, टेबलावर वाइनच्या दोन बाटल्या. एकीच्या गळ्यात फ्रान्सचा छोटा झेंडा, दुसरीच्या गळ्यात इटलीचा. आणि दोन्हींच्या मधोमध, रेशमी झब्बा घालून, ‘द्राक्षाचार्य’ आल्हादजी.

“दारू आहे का हो?” दारात कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

“छे छे! द्राक्षासव,” मंडळाचे सेक्रेटरी विलास पुराणिक म्हणाले. “फक्त जरा विदेशी आहे.”

शहरातली दारूची दुकानं बंद व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तरी ज्यांच्या घरात दिवाळीत चिवड्यातल्या लसणावरूनही वाद व्हायचा, अशी माणसं त्या एका शब्दासरशी निवांत झाली आणि चमचाभर वाइन तीर्थासारखी उजव्या तळहातावर घेऊ लागली.

“सज्जनहो,” आल्हादजी माइकवर म्हणाले, “ये दो देश आपस में सदियों से लढतायत. कशासाठी? द्राक्षासाठी! फ्रान्सच्या द्राक्षात चांदणं उतरतं, इटलीच्या द्राक्षात ऊन. आणि आपली उज्जयिनी म्हणजे कोण? पृथ्वीची नाभी! नाभीवर राहणाऱ्यानं ऊन प्यायलं तर काय होणार? अग्नी भडकणार, प्रेशर वाढणार, नसा आखडणार. चांदणं प्यायलं की सगळं शीतल. या विलासराव, हात खांद्याच्या रेषेत ताठ धरा.”

विलासरावांनी इटलीचा चमचा घेतला. आल्हादजींनी दोन बोटांनी हात दाबला. हात धपकन खाली आला. मग फ्रान्सचा चमचा. पुन्हा दोन बोटं, पण हात जागचा हलेना. आल्हादजी घामाघूम झाल्याचं दाखवू लागले, विलासराव स्वतःच्या हाताकडे थक्क होऊन बघत राहिले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या जयूताई मुंगींनी टाळी वाजवली नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. पण त्यांच्या कपाळाला आठी पडायचं कारण वेगळं होतं. शेजारी त्यांचे यजमान शैलेंद्रराव, बँकेतून निवृत्त झालेले, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते. आल्हादजींच्या पहिल्याच शिबिरानंतर त्यांनी ब्लड प्रेशरची गोळी बंद केली होती. ‘गोळीनं चांदणं विटतं,’ असा आचार्यांचा आदेश होता. त्याला आता सतरा दिवस झाले होते.

“अहो, चक्कर येते म्हणत होतात ना सकाळी?” घरी आल्यावर जयूताईंनी विचारलं.

“ती चक्कर म्हणजे जुनी उष्णता बाहेर पडतेय. आचार्य म्हणाले.”

“आणि पडलात तर?”

“तू ना जयू, हर बात में शंका! आज डोळ्यांनी बघितलंस ना? विलासचा हात कुणी बांधून ठेवला होता?”

हेच जयूताईंना सलत होतं. हात पडला होता, हात राहिलाही होता. विलास लबाड नव्हता. त्याला साधी पत्त्यातली चोरी जमत नसे. रागावून, रडून, मुलीला फोन करून काही होणार नव्हतं. नवऱ्याचा हट्ट त्या चाळीस वर्षं ओळखून होत्या. पोळ्या लाटता लाटता त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. कुठल्या चमच्यात काय आहे, हे आल्हादजींना आधीच माहीत होतं. माहीत नसतं तर?

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर निहारिकाकडे गेल्या. निहारिका त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता मुंगींच्या घरची डॉक्टर.

“मॅडम, सरांनी गोळी अशी अचानक सोडणं फार धोक्याचं आहे,” ती घाबरूनच म्हणाली. “मी येऊन रागावू का त्यांना?”

“रागावून ते आणखी चांदणं पितील. तू रविवारी मंडळात ये. बीपीचं मशीन आण. आणि माझे जुने लोकरी मोजे आणते मी, दोन जोड.”

“मोजे?”

“बाटल्यांना घालायला.”

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट. आल्हादजींनी सुरुवात करण्याआधीच जयूताई उभ्या राहिल्या. “आचार्यजी, लोक बाहेर शंका घेतात. आज त्यांची तोंडं कायमची बंद करू या. बाटल्या झाकायच्या, सहा वाट्या भरायच्या. कुठली फ्रान्सची, कुठली इटलीची, ते तुम्ही हात दाबून सांगायचं.”

“वा वहिनी, क्या बात है!” आल्हादजी तोंड उघडण्याआधीच विलासरावांनी माइक हिसकावला. “मंडळी, आज आचार्य डोळ्यांपुढे सिद्ध करून दाखवणार! वाट्या मीच पिणार!”

टाळ्या पडल्या. आल्हादजी हसले, पण ते हसू ओठांच्या कडांपर्यंतच पोचलं.

निहारिका बाटल्या घेऊन एकटी स्वयंपाकघरात गेली. स्वतः मोजे चढवलेल्या बाटल्यांतून तिनं नंबर टाकलेल्या सहा वाट्या भरल्या, कुठल्या वाटीत काय ते कागदावर लिहिलं, लिफाफा चिकटवला आणि वाट्यांच्या तबकासह अर्ध्या उघड्या दारातून बाहेर दिला. ती स्वतः आतच थांबली. दाराबाहेर थांबलेल्या जयूताई ते तबक घेऊन स्टेजवर आल्या.

“वहिनी, तुम्हाला तरी माहीत असेल ना?” विलासरावांनी विचारलं.

“मलाही नको माहीत. नाहीतर आचार्य माझ्या चेहऱ्यावरून ओळखतील. लिफाफा ह्यांच्याकडे राहू दे,” त्या शैलेंद्ररावांकडे बघून म्हणाल्या. “आचार्यजी, ह्यांच्यावर तर तुमचा विश्वास आहे?”

“शत प्रतिशत,” आल्हादजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

पहिली वाटी. विलासरावांनी हात ताठ केला. आल्हादजींची दोन बोटं मनगटावर आली, थांबली, कोपराकडे सरकली, पुन्हा मागे आली. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा त्यांचा हात चाचपडत होता. शेवटी मनगटावर दाबलं. हात पडला. “इटली.”

दुसरी वाटी. “अहाहा!” विलासरावांनी डोळे मिटले. “हे तर चांदणंच! जिभेवर उतरलं हो!” आल्हादजींनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून कोपराशी दाबलं. हात राहिला. “फ्रान्स!”

तिसऱ्या वाटीला मात्र घोळ झाला. विलासराव नुसतेच गोड हसत होते, काही सुचवत नव्हते. आल्हादजींनी मनगटावर दाबलं, हात पडला. तेवढ्यात कुणीतरी खोकलं. त्यांना वाटलं, चुकलं. “थांबा, हात पुन्हा धरा, कंप आला होता.” यावेळी कोपराशी दाबलं. हात खांबासारखा उभा! “फ्रान्स.”

एकाच वाटीवर हात पडलाही आणि राहिलाही. जयूताईंना हसू फुटलं, आणि स्वतःचाच रागही आला. तीस वर्षं फळ्यावर दाराचं चित्र काढून त्या मुलींना तरफ शिकवत होत्या!

सहा वाट्या झाल्या तोवर विलासरावांचा हात दुखत होता आणि चेहरा प्रसन्न होता. शैलेंद्ररावांनी लिफाफा फोडला. कागद त्यांनी वरून खालपर्यंत दोनदा वाचला. आचार्य त्यांच्याकडे टक लावून बघत होते. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या माणसांपुढे आपण ह्यांची फजिती करतोय, असं जयूताईंना प्रथमच वाटलं. नवऱ्यानं कागद चुरगाळून खिशात घातला असता तरी त्या काही बोलल्या नसत्या.

शैलेंद्ररावांनी चष्मा सारखा केला. “पहिली वाटी... फ्रान्स,” ते वाचू लागले. “दुसरी, इटली.”

“काय सांगता?” विलासराव ओरडले. “मग माझं चांदणं?”

“ऊन होतं ते, विलास. तिसरी, इटली. चौथी, फ्रान्स. पाचवी, इटली. सहावी, फ्रान्स.” त्यांनी कागद खाली ठेवला. आवाज बारीक झाला होता. “सहापैकी दोन बरोबर. डोळे मिटून सांगितलं असतं तरी तीन आले असते.”

“जिथे शंका असते, तिथे द्राक्ष रुसतं!” आल्हादजी कडाडले. “मोज्यांच्या लोकरीनं कंप अडला!”

“वाट्यांना कुठे मोजे होते?” मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल खदखदून हसला.

जयूताईंनी विलासरावांना रिकामी वाटीही न देता हात ताठ धरायला सांगितला. “दार कडीपाशी ढकललं तर एका बोटानं हलतं. बिजागरीपाशी ढकला, अंगातला सगळा जोर लावावा लागतो. हात म्हणजे दार, खांदा म्हणजे बिजागरी. मनगटावर दाबलं की हात पडतो, खांद्याकडे सरकून दाबलं की राहतो. ज्या बाटलीचा झेंडा दिसायचा, तसं आचार्य बोट सरकवायचे. अहो, तुम्हीच बघा ना करून.”

शैलेंद्ररावांनी दोन बोटं मनगटावर ठेवली. हात पडला. कोपरावर ठेवली. राहिला. त्यांनी पुन्हा केलं, आणि पुन्हा. मग सगळ्या हॉलभर लोक एकमेकांचे हात दाबू लागले. सासवा सुनांचे, जावई सासऱ्यांचे. त्या गोंधळात द्राक्षाचार्य कधी जिना उतरले ते कुणाला कळलं नाही. दोन्ही देश स्वयंपाकघरातच राहिले.

निहारिकानं मशीन काढलं. शैलेंद्ररावांनी मुकाट्यानं बाही वर केली. आकडा बघून ती उठलीच. “वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे सहा. सर, चला, आत्ताच माझ्याबरोबर दवाखान्यात.”

“चल,” ते म्हणाले. मग जयूताईंकडे न बघता, “तू पण येतेस ना?”

“येतेय.”

निघता निघता विलासरावांनी माइक पुढे केला. “वहिनी, दोन शब्द.”

जयूताईंना भाषणाची सवय नव्हती. “आपण मूर्ख नाही,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांपुढे घडलेलं खोटं कसं म्हणायचं, असं मलाही वाटलं होतं. पण कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्कार करायच्या आधी एवढंच विचारा: उत्तर माहीत नसताना हे जमतं का? झाकून, मोजून, सगळ्यांसमोर जमतं का? खरं असेल तर ते झाकल्यानं बिघडत नाही. आणि जो तुमचं औषध बंद करायला सांगतो, त्याला तर प्रश्न विचारायलाही थांबू नका. आधी डॉक्टरकडे जा.”